पोराचं नाव पेनाने लिहिलं होतं, संगणकात नव्हतं

रेशनकार्डावर एक नाव चढवण्यासाठी मी सांगलीहून सासरच्या तालुक्याला पाच हेलपाटे घातले. आषाढात पहिला, अनंत चतुर्दशी झाल्यावर पाचवा. सातारा जिल्ह्यातला तालुका, एवढंच सांगते, नाव लिहीत नाही. ही २०२४ ची गोष्ट आहे, पण बोलायला बसले की राग अजून तेवढाच येतो. आपल्यासारख्या दुसऱ्या आईचे हे हेलपाटे वाचावेत म्हणून सगळं लिहून काढतेय.

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातपाय नीट ताब्यात राहत नाहीत. तेव्हा तो सात वर्षांचा होता. दोन्ही पाय ताठ, चवड्यांवर चालायचा, उजव्या हाताची मूठ घट्ट. फिट येऊ नये म्हणून रोज गोळी. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, पाय वाढेल तसे नवे स्प्लिंट (पाय सरळ धरणारे आधार), आणि डॉक्टरांनी सांगितलेलं टाचांचं ऑपरेशन.

तोवर आम्ही ईएसआयवर, म्हणजे कामगार राज्य विम्यावर होतो. मालक, म्हणजे माझे मिस्टर, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत. २०२३ च्या जूनमध्ये त्यांचा पगार एकवीस हजारांच्या वर गेला आणि ईएसआयची मर्यादा तिथेच संपते. पगारवाढीचे पेढे वाटले त्याच रात्री आम्ही दोघं पोराच्या औषधाचं काय करायचं म्हणून जागे होतो. नंतर कंपनीतल्या हिशेबाच्या माणसाने नीट समजावून सांगितलं: मर्यादा ओलांडली तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापतात, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. म्हणजे आमचं ईएसआय ३० जून २०२४ पर्यंत चालू होतं. ज्यांचा पगार आता वाढतोय त्यांनी हे लक्षात ठेवा. घाबरून औषध विकत घेऊ नका, आधी तारीख काढा.

पुढे काय, हे ठरवायला मी वहीत मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘रोजचं’, दुसऱ्या बाजूला ‘दवाखान्यात राहायचं’. मग एकेक योजना त्यात बसवून बघितली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही दुसऱ्या बाजूच्या. दाखल व्हायचं, ऑपरेशन करायचं, पैसे भरायचे नाहीत. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, २०२३ च्या शासन निर्णयाने पाच लाख झाले आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं कार्डही त्यात आलं. पण रोजची गोळी आणि रोजची थेरपी त्यात नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि बाहेरच्या बाहेर घेतलेले उपचार, औषधं, थेरपीसुद्धा चालते. प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे, सगळा लाख थेरपीवर घालवता येत नाही. पैसे आधी आपण भरायचे, मूळ बिलं जोडून मागायचे. ही योजना १९९९ च्या कायद्यातल्या चारच गटांसाठी आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. फक्त ऐकू न येणाऱ्या किंवा फक्त दृष्टी नसलेल्या मुलांना ती मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईने उगीच सगळी कागदं गोळा केली होती, म्हणून मुद्दाम सांगते.

तेव्हा एक निवडून दुसरी सोडायची असं नाही. आम्ही दोन्ही घेतल्या. निरामयचं काम नोंदणीकृत संस्थेमार्फत झालं, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आधीपासून होतंच, त्यात काही अडलं नाही.

अडलं ते रेशनकार्डात. फुले योजनेसाठी पोराचं नाव रेशनकार्डावर असावं लागतं.

आमचं कार्ड गावाकडचं, केशरी, एकत्र. आण्णा म्हणजे सासरे, सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, मालक आणि मी. आठ नावं. पोराचं नाव कधी घातलंच नव्हतं, ईएसआयला ते लागत नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहाटेच्या एसटीने निघाले, कराडला गाडी बदलली आणि साडेदहाला तहसीलच्या आवारात पोचले. लाडकी बहीण योजनेचे अर्ज नुकतेच सुरू झाले होते. पाय ठेवायला जागा नव्हती. शेकडो बाया, हातात पिशव्या, पावसाने भिजलेली कागदं. त्यांचंही काम खरंच होतं, त्यांच्यावर माझा राग नाही. तीन वाजता माझा नंबर आला. जन्मदाखला, आधारची झेरॉक्स, मूळ कार्ड, अर्ज, सगळं दिलं. “आठ दिवसांनी या.” पोच मागायचं मला सुचलं नाही.

आठ दिवसांनी सांगलीत कृष्णेचं पाणी चढत होतं, लोक आयर्विन पुलाकडे पातळी बघायला जात होते, गाड्यांचा भरवसा नव्हता. मी ऑगस्टमध्ये गेले. अर्ज सापडला नाही. गठ्ठे उलटेपालटे करून कारकून म्हणाले, “मॅडम, तुम्ही दिला होता कशावरून?” माझ्याकडे काहीच नव्हतं. पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय हलले नाही. हे पहिल्याच दिवशी करा. आपल्या झेरॉक्सवर त्यांचा शिक्का, तारीख, नंबर.

तिसऱ्या वेळी काम झालं असं वाटलं. कार्डाच्या पानावर काळ्या पेनाने नववं नाव, वय, पुढे ‘नातू’, सही आणि गोल शिक्का. मी स्टँडवर बसून ते पान तीनदा उघडून बघितलं. दुसऱ्याच दिवशी मिरजेला योजनेतल्या रुग्णालयात गेले. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाने, कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “ताई, इथं आठच माणसं दिसतायत. बाळाचं नाव ऑनलाइन नाही. असं असेल तर मला पुढे पाठवता येत नाही.” मी कार्ड दाखवलं, शिक्का दाखवला. तो मुलगा चांगला होता, त्याने दोनदा पुन्हा शोधलं. नाव नव्हतं.

हे मला आजवर कळलेलं नाही. ज्या कार्यालयाने नाव लिहिलं, शिक्का मारला, त्याच कार्यालयाला ते संगणकात नाही हे ठाऊक होतं. मग सांगायला काय हरकत होती? “पेनाचं झालं, ऑनलाइनचं राहिलंय, त्यासाठी त्या टेबलाला जा,” एवढं एक वाक्य. त्या न बोललेल्या वाक्यापायी माझा महिना गेला, पोराच्या थेरपीचे दिवस बुडले, आणि ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत बसेल की नाही याची टांगती तलवार राहिली. डॉक्टर म्हणत होते, ताठपणा वाढण्याआधी करून घेऊ.

चौथा हेलपाटा गणपतीच्या आदल्या आठवड्यात. ऑनलाइनचं टेबल वेगळं, तिथला माणूस लाडकी बहीणच्या कामावर, आणि सर्व्हर बंद. कुणी वाकडं बोललं नाही. कुणी काम पण केलं नाही. परत येताना कराडच्या स्टँडवर मी पदर तोंडाला लावून रडले.

गणपती झाल्यावर पाचव्यांदा निघाले तेव्हा घरी पोराजवळ कुणी नव्हतं, त्याला घेऊनच गेले. आदल्या रात्री गावातल्या रेशन दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं, “वहिनी, नाव चढलं का ते तिथंच मोबाईलवर बघा, मगच गाडीत बसा.” रेशनचं काम चालतं त्या पुरवठा विभागाच्या खोलीत पोरगा टेबलाची कड धरून चवड्यांवर उभा राहिला. आत आलेल्या निरीक्षक मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या आवक नंबराकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि स्वतः नाव भरलं. पाच मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते.

त्या मॅडमचे उपकार मी मानते. पण पोराला उभा बघून काम झालं, हे मला बोचतं. मी त्याला दाखवायला नेलं नव्हतं. त्याचा अर्ज दोन महिने तिथे पडून होता आणि त्या अर्जातच सगळं लिहिलेलं होतं.

नाव लगेच दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ‘मेरा राशन’ अ‍ॅपवर दिसलं. नऊ. मालकांना कामावर फोन करून सांगितलं.

त्यानंतरचं भराभर झालं. मिरजेच्या त्याच आरोग्यमित्राने योजनेच्या यादीत ऑपरेशन बसतं का ते आधी बघून दिलं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून डॉक्टरांकडून ऑपरेशनचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि दाखल व्हायच्या आधी विचारा. मंजुरी आमची दुसऱ्या दिवशी आली. एक रुपया भरला नाही, जेवणही तिथलंच. घरी जायचं एसटी भाडं आणि घरी गेल्यावर दहा दिवसांची औषधंही योजनेतच असतात, ती मागून घ्या. कुणी पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करायचा, तो नंबर आधीच मोबाईलमध्ये साठवून ठेवा.

एक मधेच आठवलं. कार्ड एकत्र असेल तर पाच लाख सगळ्या नऊ जणांत मिळून. आण्णांच्या हृदयाचं काही निघालं असतं तर पोराच्या वाट्याला किती उरलं असतं कोण जाणे. आम्हाला घाई होती म्हणून नुसतं नाव वाढवलं. वेळ असेल तर विभक्त कार्ड करा. आम्ही आता तो अर्ज दिलाय, पोच घेऊन.

आणि आधारचं. पोराचं आधार लहानपणचं, निळं होतं. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि डोळे द्यावे लागतात, पाच ते सात या वयात त्याचे पैसे पडत नाहीत. केंद्रावरचा माणूस म्हणत होता, “मूठ उघडा, मूठ उघडा,” आणि तो जितकं म्हणेल तितकी मूठ आवळत होती. दुसऱ्या दिवशी त्याला झोप झाल्यावर, कोमट पाण्यात हात धरून, मांडीवर घेऊन बसले तेव्हा चार बोटं आली. ज्यांची बोटं येतच नाहीत त्यांच्यासाठी अपवाद नोंदवायची सोय आहे, केंद्रावर ठामपणे मागा. पोराची बोटं ओढू देऊ नका.

यूडीआयडी कार्डाचा रंग बघून ठेवा: चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी आणि त्याच्या वर निळा. आमचं पिवळं आहे. एसटीत तेच दाखवते.

प्लॅस्टर निघून आता नवे स्प्लिंट आलेत. डावी टाच पूर्ण टेकते, उजवी थोडी राहते. निरामय दर वर्षी ३१ मार्चला संपतं, तुम्ही कधीही भरलेलं असलं तरी. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्यांना पहिल्यांदा पाचशे रुपये फी, पुढे नूतनीकरणाला अडीचशे. आमची नूतनीकरणाची कागदं काल काढून दारामागच्या पिशवीत ठेवली आहेत.