वर्षअखेरचं मोडीवाचन

विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत इतिहास, मराठी, भूगोल आणि अर्थशास्त्र या विभागांची मंडळी वर्षभर एकाच दप्तरावर, म्हणजे जुन्या मोडी कागदपत्रांच्या संग्रहावर, बसायची, आणि मार्चमध्ये त्याचं जाहीर वाचन व्हायचं. पत्रिकेवर ‘वार्षिक मेळावा’ असं छापलेलं असे, पण सगळे त्याला ‘वाचन’च म्हणत. पुण्याला याची सवय जुनी. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, त्या मंडळातही टिपणं सभेपुढे वाचली जात. छापण्याआधी चारचौघांत वाचलं की आब थोडा कमी होतो, पण चूक तिथल्या तिथे सापडते.

एका वर्षाला एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा एक गठ्ठा, एवढंच काम ठरवलेलं असे. गाठ सोडल्यावर कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पेन्सिलीने आकडे घालायचे. मग फोटो, पुढचा आणि मागचा. मागची बाजू राहिली तर पंचाईत, कारण पत्र पोचल्याची नोंद, म्हणजे पैवस्ती, बहुधा तिथेच असते. प्रत्येक कागद दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि तिसऱ्याने ताडून पाहायचा. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. दोघं शेजारी बसून वाचायला लागले की पहिल्याचं चुकलेलं वाचन दुसऱ्यालाही तसंच दिसू लागतं. जुळलेलं लिप्यंतर मूळच्या शुद्धलेखनासकट ठेवायचं, फाटलेला भाग चौकटी कंसात, संशय असेल तिथे प्रश्नचिन्ह. अशी प्रश्नचिन्हं मेळाव्यासाठी राखून ठेवलेली असत.

सगळ्यात रंगायचा तो कालनिर्णय. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांवरचं जुनं वर्ष, अरबी शब्दांत आणि एकंपासून लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. वर्ष मृगाला पालटतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तिथे ६००. कड झिजली आणि शब्दाचं नुसतं ‘सब’ उरलं की सबा (सात) की सबैन (सत्तर), यावर अर्धा तास सहज जाई. पुढच्या-मागच्या शब्दांवरून स्थान कळतं, पण तेही झिजलेले असले तर मात्र खरी कसोटी.

त्याहून फसवी ती दक्षिणी फसली, म्हणजे महसुलाची कालगणना. तीही मृगालाच पालटते, पण आकडा शुहूरपेक्षा नऊने पुढे. शुहूर ११६१ तेव्हा फसली ११७०. फसलीला शुहूर समजलं तर कागद नऊ वर्षं पुढे सरकतो. ते उघडं पडतं ‘छ’ मुळे. ‘छ’ म्हणजे चंद्ररात्र; तिच्या पुढे हिजरी महिन्याचं नाव येतं. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे नऊ वर्षांत महिना ऋतूपासून तीन महिन्यांहून जास्त ढळतो. मजकुरात दसरा आणि महिना मात्र पावसाळ्यातला येतोय, असं दिसलं की मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करायचंच. तारखा ताडायची जंत्री घेऊन बसणारी ती निवृत्त मास्तर मंडळी, त्यांच्याशिवाय वाचनाला मजा नव्हती.

अर्थशास्त्रवाल्यांचं भांडण दोन उभ्या रेघांशी. ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘त॥’ म्हणजे तर्फ (दोन्ही जुने महसुली विभाग), पण ‘५॥’ म्हणजे साडेपाच. जमाखर्चात दोन्ही एकाच ओळीत आले की बेरीज आठ आण्यांनी चुकणारच. धान्याच्या हिशेबात आणखी वेगळी गंमत: वीस मणांची खंडी सगळीकडे, पण मण कुठे बारा पायलींचा, कुठे सोळा. न विचारता बारा धरले आणि गाव सोळाचं निघालं, तर सरकारात जमा झालेलं धान्य खऱ्याच्या तीन चतुर्थांशच भरतं आणि त्यावर बांधलेला ‘दुष्काळ’ कोसळतो. असा एखादा दुष्काळ तरी प्रत्येक वाचनात कोसळायचाच, आणि हशा व्हायचा.

ज्यांच्या वाड्यातून दप्तर आलेलं असे ती घरंही येत. त्यांना सनांत रस नसे. आपल्या पणजोबांचं नाव कुठल्या कागदावर आहे तेवढं दाखवा, म्हणत. भूगोलवाले मात्र त्यांनाच धरून बसत, कारण नकाशावर न सापडणारी वाडी हे लोक ‘ती काय, ओढ्यापलीकडे, धरणात गेली’ असं एका वाक्यात सांगत.

चहाला बटाटेवडे असत आणि तेलकट हातांनी फोटोप्रतींना शिवायचं नाही, अशी पाटी. मूळ कागद त्या दिवशी बाहेर काढतच नसत. शेवटी न सुटलेले शब्द फळ्यावर लिहून, त्यांची यादी प्रत्येकाच्या हाती देऊन सभा संपे. एप्रिल-मेमध्ये त्यातल्या काहींची उत्तरं पोस्टकार्डावर येत. ती त्या त्या लिप्यंतराला टाचून ठेवायची, कार्ड लिहिणाऱ्याच्या नावासकट, आणि मगच पुढच्या रुमालाची गाठ सोडायची.