आमची वाटचाल: रिठा, सोडा आणि एक पांढरा डाग

आमच्या शेडमध्ये पूर्वी टॉवेलचे आठ माग चालायचे. सासऱ्यांनी 2015 साली ते भंगारात दिले आणि जागा दोन वर्षं नुसती पडून होती. त्या काळात भांड्यांच्या पावडरीनं माझ्या बोटांना चिरा पडायच्या. आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) एकदा डब्यातून मूठभर रिठे काढून दिले. लग्नातला शालू त्या अजूनही रिठ्याच्याच पाण्यात धुतात. रिठ्याची धुण्याची पावडर करायच्या आमच्या धंद्याची सुरुवात म्हणाल तर एवढीच.

त्याआधी मी खोबरेलाचा साबण करून पाहिला होता. बोअरच्या पाण्यात त्याला फेसच येईना, उलट बादलीच्या कडेला राखाडी चिकट साय जमायची. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून आमच्याकडं धुणंभांडी बोअरवरच. या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, त्याचा चोथा होतो. रिठ्यातल्या सॅपोनिनचं, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाचं, तसं होत नाही. फेस बेताचा येतो, पण येतो.

मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून पाच किलो रिठे आणले, बिया काढल्या, रात्रभर भिजवून उकळले, गाळले, बाटल्या भरल्या. मार्चमध्ये पन्नास बाटल्या हातोहात गेल्या. मग मे आला. एका दुकानदाराचा फोन, "ताई, तुमच्या बाटल्या फुगल्यात. एकीचं झाकण उडून शेंगा चटणीच्या पुड्यांवर सगळं सांडलंय." पत्र्याखालच्या उकाड्यात काढा आंबला होता. बाटल्या परत आणल्या, चटणीचेही पैसे भरले.

तेव्हापासून काढा बंद. आता सालं कडकडीत वाळवून दळतो आणि त्यात धुण्याचा सोडा मिसळतो. सोडा पाण्यातले क्षार आधीच खाली बसवतो, मग रिठ्याचं काम सोपं होतं. दळताना मात्र तोंडाला फडकं हवंच, नाहीतर शिंकून शिंकून जीव जातो. रेशमी आणि लोकरी कपड्यांना सोडा चालत नाही, त्यांच्यासाठी नुसत्या रिठ्याची वेगळी पुडी आहे. शेडमध्ये चौघीजणी आहेत, पूर्वी विड्या वळायच्या. माझा तराजू स्थिर व्हायच्या आत त्यांच्या बोटांना पन्नास ग्रॅम कळतात. मला अक्का म्हणतात आणि माझ्या चुका तेलुगूतून आपसात बोलतात. त्यांना वाटतं तेवढी मी तेलुगूत कच्ची नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक फरशीच्या द्रावणाची. ज्यूसवाल्याकडून मोसंबीच्या साली फुकट मिळायच्या. साली तीन भाग, गूळ एक, पाणी दहा, आणि तीन महिने थांबायचं. सुरुवातीला रोज झाकण सैल करायचं, नाहीतर ड्रम फुटतो. वास छान यायचा. बाटलीवर मी मोठ्या हौसेनं लिहिलं, "संपूर्ण नैसर्गिक, कोणत्याही फरशीसाठी."

विजापूर रोडच्या एका काकूंनी ते स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर, तेलकट डाग निघेना म्हणून, पाणी न घालता ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी ताटाएवढा पांढरा, खरखरीत चट्टा! शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट पदार्थ त्याला खातो. शहाबाद आपल्यापासून रेल्वेनं काही तासांवर, सोलापुरातल्या निम्म्या जुन्या घरांत तोच दगड, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. लिंबूही नैसर्गिकच असतं की! उरलेल्या बाटल्यांवरची लेबलं आम्ही रात्री बसून खरवडली.

आता शहाबादी आणि संगमरवरासाठी रिठ्याचं साधं पाणी सांगतो. नळावरच्या पांढऱ्या थरासाठी लिंबूसत देतो: कोमट पाण्यात दोन चमचे, फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. सोडा आणि लिंबूसत एकाच बादलीत घालण्याचे व्हिडिओही बघू नका. फसफसतं भारी, पण दोघं एकमेकांना मारतात आणि बादलीत उरतं ते खारट पाणी.

"फिनेलचा वास आल्याशिवाय पुसल्यासारखं वाटत नाही" म्हणणारी गिऱ्हाईकं अजून निम्मी आहेत. त्यांच्यापुढं मी हात टेकलेत.

विजापूर रोडच्या काकू दर महिन्याला दोन किलो पावडर नेतात. त्या चट्ट्यावर त्यांनी पिठाचा डबा ठेवलाय. पावडर पोचवायला मी स्वतः गेले, की आधी डबा सरकवून दाखवतात, मग चहा टाकतात.