मसुद्यातील 'दत्तक' हा शब्द

परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा हाती आला, तेव्हा दागिने, घर, बँक खाती यांच्या वाटणीवर नजर टाकून मी मुलीच्या कलमाशी थांबले. 'दत्तक मुलीचे पालनपोषण पत्नी करील व पतीवर त्याबाबत कोणतीही जबाबदारी राहणार नाही,' असे तिथे लिहिलेले होते. चार वाक्यांच्या त्या कलमात 'दत्तक' हा शब्द पाच वेळा आला होता.

तुझ्या हट्टापायी घेतली, हा त्यामागचा नवऱ्याचा युक्तिवाद मला तोंडपाठ होता. नोंदणी केलेल्या दत्तकपत्रात मात्र मुलगी दत्तक घेणारा म्हणून त्यांचे नाव होते आणि माझी संमती. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 14 नुसार अशा वेळी पत्नी आपोआप दत्तक आई ठरते. हट्ट कोणाचा होता, हे कायदा विचारत नाही. कलम 12 मुळे दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत नव्या घराचे होते, आणि कलम 15 नुसार वैध दत्तक आईवडील किंवा अन्य कोणीही रद्द करू शकत नाही. मुलालाही जन्मदात्यांच्या घरी परतता येत नाही. 'तिला परत देऊन टाका' असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना मी हे कलम वाचून दाखवले, आणि खरे सांगायचे तर त्यात मला थोडा आनंदही झाला. संस्थेतून घेतलेल्या मुलांबाबत बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 63 त्यांना पोटच्या मुलाचेच स्थान देते.

म्हणून घटस्फोटाने नवराबायकोचे नाते संपते, आईबापपण संपत नाही. ताबा कोणाकडे असावा, हे न्यायालय मुलाच्या हितावरून ठरवते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असते. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचा पोटगीचा भार उतरत नाही. आईवडिलांनी आपसांत काहीही लिहून घेतले, तरी मुलाचा हक्क त्या करारात बुडत नाही, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांविषयीचे आदेश पुढे बदलून घेता येतात. वडिलांनी मृत्युपत्र न करता जग सोडले, तर माझ्याकडे वाढलेली मुलगीही त्यांची वारस राहील. स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने इतरांना देण्याची मुभा मात्र त्यांना आहे, जशी ती पोटच्या मुलाच्या बापालाही असते.

एक बाब मला वकिलांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हती. उद्या मी पुनर्विवाह केला, तर नवा जोडीदार कायद्याने तिचा वडील होत नाही. शिवाय 1956 च्या कायद्याच्या कलम 10 नुसार एकदा दत्तक गेलेले मूल पुन्हा दत्तक देता येत नाही. म्हणजे त्या कायद्याखाली तिचे वडील तेच राहणार, आमचे पटो अथवा न पटो. सुरुवातीला ही अडचण वाटली, पण मसुद्यातल्या त्या कलमाला याहून चोख उत्तर मला सुचले नसते.

नव्या मसुद्यात मासिक रक्कम, शाळेचे शुल्क, आजारपणाचा खर्च आणि महिन्यातील भेटीचे दिवस स्पष्ट लिहून घेतले. सही करण्यापूर्वी मी पेनाने पाचही ठिकाणचा 'दत्तक' खोडला, आणि प्रत्येक खोडीपुढे दोघांनीही आद्याक्षरे केली.