जंताचं औषध देण्याआधी : परसातल्या कोंबड्यांचा माझा अनुभव

कोंबडी भरपूर खाते पण अंगी लागत नाही, इथून मला जंतांची शंका येते. तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात, पिसांची चकाकी जाते. पण हे सगळं पिसं झडताना, उवा झाल्यावर किंवा नुसतं खाद्य निकस असलं तरी होतं, म्हणून मी हात लावून बघतो. कोंबडी काखेत धरून छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवायचं. दोन्ही बाजूंना मांस गोलसर भरलेलं लागलं तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं, तर दुखणं आजकालचं नाही.

मग शीट. रात्री बसायच्या दांडीखाली कागद अंथरला की सकाळी सगळा हिशोब समोर असतो. नवखा माणूस इथे हमखास घाबरतो. दर आठ-दहा शिटांमागे एक तपकिरी, चिकट आणि नाक धरायला लावणारी असते. ती आंधळ्या आतड्यातली (आतड्याला जोडलेल्या, एका टोकाला बंद पिशवीतली), अगदी नेहमीची. अधूनमधून आतड्याच्या अस्तराचे नारिंगी तुकडेही पडतात. खरं रक्त दिसलं, त्यातही पिल्लांमध्ये, तर आधी कॉक्सिडिओसिस धरायचा. तो जंत नव्हे, आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचा आजार. जंताच्या औषधाने त्याला काही होत नाही आणि मधले दोन दिवस फुकट जातात.

डोळ्यांना दिसणारा मुख्य जंत म्हणजे मोठा गोलकृमी, अस्कॅरिडिया गॅली. ५ ते १२ सेंमी लांब, पांढरट पिवळा, शिजलेल्या शेवईसारखा. तो शिटेत दिसू लागला म्हणजे आत बहुधा गर्दी झालेली असते. पट्टकृमीचे तांदळाएवढे तुकडे पडतात आणि ताजे असतील तर किंचित वळवळतात. आंधळ्या आतड्यातला हेटेरॅकिस १ ते १.५ सेंमीचा. कोंबडीला त्याचा फार त्रास नाही, पण त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास हा एकपेशीय परजीवी पसरतो आणि तो टर्की पक्ष्यांचा जीव घेतो. सगळ्यांत वाईट कॅपिलारिया. केसाहून बारीक, शिटेत दिसतच नाही आणि कोंबडी वाळवून टाकतो.

म्हणून शिटेतली जंतांची अंडी शोधायला सूक्ष्मदर्शक. पशुवैद्यक प्रयोगशाळा हे काम करते, घरीही जमतं. १०० मिली गरम पाण्यात ३६ ते ४० ग्रॅम मीठ ढवळून गार करायचं. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलं पाहिजे, नाहीतर द्रावण पातळ राहतं आणि अंडी तरंगत नाहीत. आठ-दहा ताज्या शिटांतून मिळून ३ ग्रॅम घेऊन ४० मिली द्रावणात कालवायचं, गाळायचं (गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये), परीक्षानळी काठोकाठ भरून तिच्यावर काच-झाकण टेकवायचं. १५ मिनिटांनी ते सरळ वर उचलून काचपट्टीवर ठेवायचं आणि दहापट भिंगाखाली बघायचं. तासभर विसरलं तर मिठाचे स्फटिक आणि चुरमडलेली अंडी एवढंच हाती लागतं. गोलकृमी आणि हेटेरॅकिस यांची लंबगोल अंडी जवळजवळ सारखी दिसतात. कॅपिलारियाचं अंडं लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच मारलेलं. ते एकदा पाहिलं की चुकत नाही. अंडी दिसली नाहीत म्हणून जंत नाहीत असं मात्र नाही: गोलकृमी पोटात गेल्यावर अंडी घालायला ५ ते ८ आठवडे घेतो.

औषध यावरून ठरतं. पिपराझीन फक्त मोठ्या गोलकृमीवर, तेही वाढ झालेल्या. कॅपिलारियाला फेनबेंडाझोल किंवा त्याच घराण्यातलं दुसरं. पट्टकृमीसाठी बहुधा प्राझिक्वांटेल. मात्रा पशुवैद्याने सांगायची, वजन आपण करायचं, आणि तेही काट्यावर. अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो. समजा अल्बेंडाझोल किलोला १० मिग्रॅ सांगितलं आणि बाटली २.५ टक्क्यांची आहे, म्हणजे १ मिलीत २५ मिग्रॅ. १.८ किलोच्या कोंबडीला १८ मिग्रॅ, म्हणजे ०.७२ मिली. बाटली खडखडून हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज चोचीच्या कडेला टेकवून थेंब-थेंब सोडायचं आणि तिला गिळू द्यायचं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं. जोरात पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं.

पाण्यातून देणं सोपं वाटतं, पण थोड्या कोंबड्यांत मला ते पटत नाही. फेनबेंडाझोलची पाण्यातली मात्रा किलोला १ मिग्रॅ, ५ दिवस. दोन-दोन किलोच्या आठ कोंबड्यांना दिवसाला १६ मिग्रॅ. २० टक्क्यांच्या बाटलीतून हे होतं ०.०८ मिली, जेमतेम दोन थेंब. त्यात दांडगी कोंबडी आधी पिते, आजारी मागे राहते आणि पाऊस पडला तर सगळ्या डबक्यावर जातात.

पिसं येण्याच्या दिवसांत फेनबेंडाझोल टाळतो, नवी पिसं वेडीवाकडी येतात. फार खंगलेल्या कोंबडीला परस्पर औषध देत नाही: मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो. अंडी किती दिवस खायची नाहीत हे औषधागणिक बदलतं. लेबलवर नसेल तर डॉक्टरला विचारायचं.

पहिल्या डोसातून आतड्याच्या अस्तरात घुसलेल्या अळ्या वाचू शकतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. त्याआधी, १०-१४ दिवसांनी, पुन्हा शीट तपासतो. तेव्हाही गोलकृमीची अंडी तेवढीच दिसली तर जमिनीला दोष देता येत नाही, कारण नव्या लागणीतून इतक्या लवकर अंडी येतच नाहीत. मग मात्रा कमी पडली किंवा औषध लागू होत नाही. लसूण आणि भोपळ्याच्या बियांवर मी विसंबत नाही.

दोन महिन्यांनी जंत परतले तर मात्र दोष जमिनीचाच. उबदार ओलाव्यात अंडी १० ते २० दिवसांत लागण करण्याजोगी होतात आणि मातीत महिनोन् महिने टिकतात. चुना किंवा फिनाईल त्यांच्या कवचापुढे फिकं पडतं, ऊन आणि कोरडेपणा मारतो. डोसानंतर दोन-तीन दिवसांनी खुराड्यातला सगळा भुसा काढतो आणि तो कोंबड्या उकरणार नाहीत अशा जागी टाकतो. तीन महिन्यांखालची पिल्लं मोठ्यांच्या जमिनीवर सोडत नाही. पट्टकृमी मुंग्या, भुंगेरे आणि गोगलगाईंतून येतो, त्यामुळे ओल्या फळ्या आणि पालापाचोळ्याचे ढीगही हलवावे लागतात. सगळ्यांत घाण जागा पाण्याच्या भांड्याभोवतीची ओल. भांडं कोंबडीच्या पाठीइतकं उंच करून खाली जाळी टाकली, की तिथली माती आठवड्यात कोरडी पडते.