सार्वजनिक विहिरींची तपासणी: पाहणी दोन दिवसांत, नमुना तीन आठवड्यांनी

गावच्या पाणी समितीतर्फे फोंडा तालुक्यातल्या आमच्या पंचायतीच्या चार विहिरी आणि एक झर तपासली. पाहणी दोन दिवसांत उरकली. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दाखल व्हायला मात्र तीन आठवडे गेले, आणि त्याचा राग अजून आहे.

पाहणीचा तक्ता दहा-अकरा प्रश्नांचा. १० मीटरच्या आत संडास किंवा शोषखड्डा आहे का? तो चढाच्या बाजूला आहे का? कठड्याला भेगा, फुटलेला ओटा, साचलेलं सांडपाणी, जो तो आपली कळशी बुडवतो का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण; सहा किंवा जास्त झाले की धोका मोठा. पण आपल्याकडे १० मीटरवर विसंबू नका. जांभ्या दगडात भोकं आणि भेगा असतात. पावसात भूजल वर चढलं की शोषखड्ड्यातलं पाणी न गाळता सरळ विहिरीत उतरतं. मे महिन्यात चांगली निघालेली विहीर जुलैत बिघडते, म्हणून पाहणी दोन्ही वेळा करा.

आता नमुना. जीवाणू तपासणीसाठी तो बर्फात, उन्हाआड, शक्यतो सहा तासांत पोचायला हवा. चोवीस तासांपलीकडे त्याला अर्थ नाही. पहिल्या दिवशी सकाळी सातला पाणी भरलं. अर्जाला पंचायतीचं पत्र, सही, शिक्का लागतो. सचिव बैठकीला गेलेले. सही मिळाली दीडला आणि नमुने घेण्याची खिडकी एकला बंद. पाणी ओतून टाकलं. दुसऱ्या खेपेला बाटली नाकारली. ती दुकानातल्या पाण्याची, धुतलेली बाटली होती. नाकारणं बरोबरच, निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची असते. पण पहिल्या दिवशी त्याच खिडकीवर उभे होतो, तेव्हा हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तिसऱ्या खेपेला शुक्रवार होता. जीवाणू वाढवून बघायला २४ ते ४८ तास लागतात आणि शनिवार-रविवारी वाचन घ्यायला कुणी नसतं, म्हणून परत पाठवलं. हेही भिंतीवर कुठे लिहिलेलं नाही. सहा तासांची अट घालणाऱ्यांनी आपली वेळ, वार आणि कागद दारावर लावायलाच हवेत. तोवर लोक तेच पाणी पीत असतात.

म्हणून पत्रावर सही-शिक्का आदल्या दिवशी घ्या, फक्त वेळ भरायची जागा मोकळी ठेवा. सोमवार ते बुधवार गाठा. पाहणीचा तक्ता अर्जाला जोडा. आम्हाला आलेल्या अहवालात ‘पिण्यास अयोग्य’ एवढंच होतं; आकडे मागून घ्यावे लागले. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलीलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) मुळीच सापडता कामा नये, नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकदम चढलेले दिसले तर पहिला संशय सांडपाण्याचा. खाडीकाठी एकटं क्लोराइड खाऱ्या पाण्यामुळेही चढतं.

एक राहिलं. नमुन्याआधी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकू देऊ नका. आमच्या एका विहिरीत कुणीतरी चांगल्या हेतूने टाकली आणि अहवाल स्वच्छ आला. पावडर टाकायची ती नमुन्यानंतर: साधारण १००० लिटरला २.५ ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं.

नळाचं पाणीही तपासा. विहिरीचा पंप आणि सरकारी नळ एकाच पाइपला जोडलेली घरं पुष्कळ आहेत. पुरवठा बंद असताना मुख्य वाहिनी रिकामी होते आणि विहिरीचं पाणी उलटं तिच्यात शिरतं. नळाच्या नमुन्याची बाटली विसळू नका. आतली चिमूटभर पावडर सोडियम थायोसल्फेट असते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा असर घालवायला ती लागते.