मे महिन्यातला लेक सुपिरियरचा उत्तर किनारा: आकड्यापेक्षा वारा बघा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंतचा, लेक सुपिरियर या प्रचंड तळ्याचा किनारा केला. मागून जाणाऱ्यांसाठी पहिलीच सूचना: फोनवरच्या ॲपमधलं डुलुथचं तापमान बघून बॅग भरू नका. शहराची अधिकृत नोंद विमानतळावर होते. विमानतळ टेकडीवर आहे, तळ्याच्या पातळीपेक्षा सुमारे ८०० फूट वर आणि पाण्यापासून काही मैल आत. तुम्ही फिरणार असता खाली, पाण्याला लागून असलेल्या कॅनॉल पार्क भागात नाहीतर दगडी किनाऱ्यावर. एका दुपारी वर ७२ फॅरनहाइट (सुमारे २२ सेल्सिअस) होतं, लोक अर्ध्या बाह्यांत हिंडत होते. उतार उतरून खाली आलो तर ४४ (सुमारे ७ सेल्सिअस), आणि डोक्यात लोकरीची टोपी घालावी असा वारा. मधे गाडीने दहा मिनिटंही लागली नसतील.

कारण पाण्यात आहे. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला. बर्फ वितळल्यावर पृष्ठभागाचं पाणी उन्हाने जरा तापलं की जड होऊन खाली जातं, आणि खालचं गार पाणी वर येतं. सुपिरियरची सरासरी खोली १४७ मीटर आहे, सर्वांत खोल जागा ४०६ मीटर. हा सगळा साठा ४ अंशांपर्यंत येईस्तोवर वरचा थर तापू शकत नाही, म्हणून मेभर उघड्या तळ्याचं पाणी फ्रिजमधल्यासारखं राहतं. त्यावरून येणारी हवाही तशीच.

त्यामुळे आठवड्याच्या अंदाजात मी आधी वाऱ्याची दिशा बघतो, मग तापमान. हा किनारा नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरका गेलाय. वायव्येचा वारा जमिनीवरून येतो: हवा स्वच्छ, ऊन खरं, किनाराही उबदार. पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा तळ्याची सगळी लांबी तुडवत डुलुथच्या टोकाला येऊन आदळतो. तेव्हा किनारा फॅरनहाइटच्या चाळिशीत अडकतो, लाटा उठतात, आणि हवेत ओल असेल तर धुकं असं बसतं की कॅनॉल पार्कजवळच्या लिफ्ट ब्रिजचा, म्हणजे जहाजांसाठी उचलल्या जाणाऱ्या पुलाचा, वरचा भाग गायब होतो. तिसरा प्रकार फसवा आहे. वारा जवळजवळ नाही, आकाश निळं, सकाळ सुरेख. जमीन तापते, हवा वर उठते आणि अकरा-बाराच्या सुमारास तळ्यावरची गार हवा आत सरकते. म्हणजे दिवसाची सर्वांत उबदार वेळ दुपार नसून सकाळ. स्थानिक अंदाजात ‘तळ्याकाठी थंड’ असे शब्द दिसले की ते नुसते वाचून सोडू नका, दिवसाचा क्रम त्यावर लावा: किनारा सकाळी, धबधबे आणि जंगल दुपारी.

आमचा आठवडा असा गेला. सुरुवातीला थंड आघाडी (गार हवेच्या लोटाची पुढची कड) नुकतीच पुढे सरकलेली, वारा वायव्येचा. स्प्लिट रॉकचं दीपगृह याच हवेत बघावं. नोव्हेंबर १९०५च्या वादळात या तळ्यावर बरीच जहाजं फुटली-बुडाली, त्यानंतर ते बांधलं आणि १९१०मध्ये सुरू झालं. कड्यावरून लांबवरचं पाणी स्पष्ट दिसत होतं. आठवड्याच्या मधे वारा पूर्वेला फिरला आणि दोन दिवस धुकं, भुरभुर पाऊस. बाकीचे पर्यटक खोल्यांत बसले होते. आम्ही गाडी आत वळवली. किनाऱ्यापासून काही मैल चढलं की अनेकदा धुक्याच्या वरच निघतो. शिवाय बर्फ वितळून नद्या फुगलेल्या असतात, धबधबे पाहायला ढगाळ दिवस उलट बराच. गूसबेरी राज्य उद्यानात धबधब्याचे तिन्ही टप्पे गर्जत होते, पाणी जंगलातल्या दलदलीमुळे गडद तपकिरी. ग्रँड मरेच्याही थोडं पुढे जज मॅग्नी पार्कात ब्रूल नदीचा अर्धा प्रवाह डेव्हिल्स केटल नावाच्या खडकातल्या भोकात पडतो आणि दिसेनासा होतो. तो कुठे जातो यावर बऱ्याच वर्षांच्या कथा होत्या. शेवटी राज्याच्या जलतज्ज्ञांनी धबधब्याच्या वर आणि खाली प्रवाह मोजला: सेकंदाला १२३ आणि १२१ घनफूट. म्हणजे पाणी थोडं पुढे जाऊन नदीतच परत येतं. कथा जास्त मजेदार होत्या, हे खरं.

आठवड्याअखेरीला वारा नैऋत्येचा, कोरडा आणि जोरदार झाला. आम्हाला वाटलं आता शेकोटी. पण इथे वसंतात सर्वांत जास्त वणवे लागतात: बर्फ गेलेला, गेल्या वर्षीचं गवत वाळून कोरडं, झाडांना पालवी फुटायची आहे. २००७ साली ५ मे रोजी ग्रँड मरेहून आत जंगलात जाणाऱ्या गनफ्लिंट ट्रेल या रस्त्याजवळ लागलेला हॅम लेकचा वणवा सीमा ओलांडून कॅनडात गेला होता. म्हणून ‘रेड फ्लॅग’, म्हणजे आग झपाट्याने पसरण्याचा, इशारा असलेल्या दिवशी शेकोटी विसरा, आणि कॅम्पिंगला निघण्याआधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे जाळण्याविषयीचे निर्बंध बघा. खाली किनाऱ्यावर धुकं आणि वर जंगलात आगीचा इशारा, हे एकाच आठवड्यात, कधी एकाच दिवशी होऊ शकतं.

अंदाज कुठे बघायचा? राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर शहराचं नाव टाकण्यापेक्षा नकाशावर नेमक्या जागी टिचकी मारा. कॅनॉल पार्कवर एकदा, विमानतळावर एकदा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या दिवसाचं तळ्याचं राज्य. नौकांसाठीचा किनारी अंदाजही वाचा, त्यात वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची फुटांत असते. डुलुथ कार्यालयातले हवामानतज्ज्ञ रोज जी सविस्तर चर्चा लिहितात ती मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यांना खात्री कुठे नाही हेही त्यात असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे घ्या. त्यापुढे फक्त आघाडी कधी येते आणि वारा कधी फिरतो एवढंच बघा. सातव्या दिवसाच्या सूर्याच्या चित्रावर हॉटेल बदलू नका.

कपड्यांत वारा अडवणारं जाकीट, टोपी, हातमोजे. मेच्या मध्यात वर टेकडीवर कमाल साधारण साठीच्या घरात असतं, पण याच महिन्यात बर्फ पडल्याची उदाहरणंही आहेत. पाण्यात उतरण्याचा मोह टाळा. ऊन कितीही असो, त्या तापमानाला काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात, आणि कयाकवाल्यांनी ड्रायसूटशिवाय (पाणी आत येऊ न देणाऱ्या पोशाखाशिवाय) जाऊच नये. पूर्वेच्या वाऱ्यात कॅनॉल पार्कच्या धक्क्यावर फोटोसाठी टोकाला जाऊ नका.

सुपिरियर हायकिंग ट्रेलवर या दिवसांत चिखल असतो. ओल्या भागांत चालल्याने वाट खराब होते, म्हणून निघण्याआधी त्या त्या टप्प्याची स्थिती बघा. जंगलातले काही कच्चे रस्तेही वितळणीच्या काळात बंद ठेवतात.

पैशांचं: राज्य उद्यानांत गाडीसाठी दिवसाचा किंवा वर्षाचा परवाना लागतो. दिवसाच्या परवान्यावर त्या दिवशी वाटेतली सगळी राज्य उद्यानं होतात, म्हणून धबधबे एकाच दिवशी ओवा. गूसबेरीच्या पर्यटक केंद्राच्या वाहनतळाला परवाना लागत नाही. स्प्लिट रॉकच्या दीपगृहाचं तिकीट मात्र वेगळं.

वॉलाय नावाच्या माशाच्या मासेमारीचा हंगाम मेच्या मध्याच्या आसपासच्या शनिवारी उघडतो. त्या शनिवार-रविवारी खोल्या लवकर भरतात. महिनाअखेरीकडे काळ्या माश्या आणि डास वाढतात, गोचिड्या तर आधीपासूनच असतात. गवतातून आल्यावर रोज संध्याकाळी अंग नीट तपासा.