आमची वाटचाल : नग बरोबर होते

बाबांनी भाड्याने सामान द्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे 60 लोखंडी खुर्च्या, चार मोठी पातेली आणि एक ताडपत्री होती. गोडाऊन म्हणजे फोंड्यातल्या घरामागची चिऱ्याची खोली, वर मंगळोरी कौलं. हिशेब बाबांच्या डोक्यात. कोणाकडे काय गेलंय हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. मग ते आजारी पडले आणि हिशेबही त्यांच्याबरोबर अंथरुणाला खिळला.

तुळशीचं लग्न झालं आणि लगेच तीन लग्नांची मागणी आली. एका देवळाच्या सभागृहातून टोप परत आले, मी मोजले, नग बरोबर होते, सही करून दिली. दोन दिवसांनी उघडकीला आलं की त्यातले पाच आमचे नव्हतेच. देवळाची भांडी, आचाऱ्याची भांडी, आमची भांडी, सगळी एकाच नळाखाली घासलेली. आमचे जाड बुडाचे गेले, पातळ आले. विचारून पाहिलं, पण ते पातळ टोप आपले असं कोणी म्हणेना.

खुणेसाठी मी बुडाला निळा रंग लावला. पहिल्याच चुलीवर तो जळून गेला आणि आचारी पोट धरून हसला. मग सरळ काठावर नाव घालून आणलं, आईच्या माहेरच्या भांड्यांवर असतं तसं. निळा पट्टा खुर्च्यांना मात्र उपयोगी पडला, बैठकीखाली.

मोजणीचे आमचे दोनच नियम आहेत. ज्याने माल पोचवला त्यानेच परत घ्यायचा, आणि गिऱ्हाईकासमोर मोजायचा. खुर्च्या वीसच्या थप्पीत लावल्या की मोजायला वेळ लागत नाही. चमचे मोजत बसणं म्हणजे शिक्षा, म्हणून शंभर चमच्यांचं वजन लिहून ठेवलंय. परत आलेली पिशवी काट्यावर टाकली की कळतं. वहीत ‘गेले’, ‘आले’ आणि ‘फुटले-हरवले’ असे तीन रकाने. तिसरा रकाना रिकामा ठेवायला कामगारांना फार आवडतं, त्यामुळे तो मी स्वतः भरतो.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. अकाउंटंटने समजावलं की खुर्च्या-टेबलं हा तुमचा विकायचा माल नव्हे, मालमत्ता आहे. फर्निचरवर वर्षाला 10 टक्के घसारा, म्हणजे वापराने किंमत तेवढी कमी धरायची, जनरेटरवर 15. आणि हरवलेल्या वस्तूवर कराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट, घेतलं असेल तर ते परत भरावं लागतं. म्हणजे एक खुर्ची हरवली की दोनदा खर्च! त्या दिवसापासून तिसरा रकाना जास्त नीट लिहिला जाऊ लागला.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळं सामान पहिल्यांदाच एका वेळी घरी आलं. ठेवायला जागा पुरेना. वहीत 340 खुर्च्या, समोर 311. पाटांची तर दया आली. पंगती कमी होत गेल्या होत्या, 80 पाटांपैकी निम्मे चार वर्षांत बाहेरच पडले नव्हते. निम्मे विकून टाकले, आई दोन दिवस बोलली नाही. त्या पैशांत गोल टेबलं घेतली. चातुर्मासात हिंदूंची लग्नं नसतात, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ख्रिस्ती लग्नं सहसा होत नाहीत. गोल टेबल मात्र दोघांकडेही जातं, चर्चच्या फेस्तालाही, म्हणजे सणालाही जातं. आता मी वस्तूची किंमत तिच्या फेऱ्यांवर धरतो. खुर्चीला 600 रुपये पडले आणि भाडं 10 मिळालं, तर साठ फेऱ्यांपर्यंत ती स्वतःसाठीच राबते. हमाली, धुणं वेगळं.

पावसाळा हा आमचा खरा चोर. भिजलेली कनात गुंडाळून ठेवली की आठवड्यात काळे ठिपके, आणि ते जात नाहीत. म्हणून मिरगाआधी सगळं कडक उन्हात टाकायचं आणि मगच फळ्यांवर रचायचं, जमिनीला टेकवायचं नाही. लोखंडी पायांना तेलाचा हात.

ते पाच पातळ टोप अजून आमच्याकडेच आहेत. वहीत त्यांचं वेगळं पान आहे आणि भाड्याने ते देत नाही. बाबा आता बरे आहेत, कधीमधी गोडाऊनमध्ये येतात आणि विचारतात, ‘त्यांचे धनी आले काय रे?’

अजून कोणी आलेलं नाही.